तीन बोटं व्हिस्की आणि म्हसूची मेंढरं

आधीच सांगून टाकतो, मी खोटं बोलत नाही, फक्त थोडं वाढवून सांगतो. आम्ही गुहागरकडचे लोक. बंदरावर हातभर असलेली सुरमई घरी पोचेपर्यंत वावभर होते, याला आम्ही काय करणार? रस्ताच लांब आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातलं चार आणे वाऱ्यावर सोडा आणि बारा आण्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवा.

मी पंचवीस वर्षं मालवाहू बोटीवर काढली. शेवटी सारंग होतो, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्याच बोटीवर भानुदास भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. हा गडी बीड जिल्ह्यातल्या उमापूरचा. ज्याच्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या पुढे हंड्यांची रांग लागते, तो माणूस पोटासाठी थेट समुद्रावर आला होता. पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा तो कठड्याला धरून पाव तास उभा राहिला आणि मग म्हणाला, "एवढं पानी, अन् कुणाच्याच शेताला न्हाई!"

आमचा चीफ इंजिनियर स्कॉटलंडचा होता. सहा फूट उंच, चेहरा शिजवलेल्या खेकड्यासारखा लाल. भानुदासच्या बाजरीच्या भाकरीवर आणि ठेच्यावर त्याचा असा जीव जडला होता, की ठेचा खाताना त्याच्या डोळ्यांतून गळलेल्या पाण्यावर आमची बोट दोन इंच वर तरंगायची. निवृत्तीच्या दिवशी त्याने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि एक बाटली हातात ठेवली. सिंगल माल्ट. लेबलावर एक साल छापलेलं होतं. ज्या साली ती व्हिस्की पिंपात भरली, ते साल. माझ्या आणि भानुदासच्या जन्माचं सालही नेमकं तेच.

"तुम्ही तिघं एका वयाचे आहात," चीफ म्हणाला. "दोघंही घरी बसाल तेव्हा एकत्र प्या. एकट्याने थेंबही नाही."

बाटली कोणी ठेवायची यावर चर्चाच झाली नाही. भानुदास म्हणाला, "ह्याच्याकडं दिली तर बंदर सोडायच्या आत लेबलच उरंल." म्हणून बाटली उमापूरला गेली. आम्ही दोघंही घरी बसलो त्याला आता बरीच वर्षं झाली. दर वर्षी "ह्या दिवाळीला" म्हणायचो आणि दर दिवाळीला कोणाचं तरी लग्न, बारसं, गुडघा निघायचा.

मग यंदा पौषात त्याचा फोन आला.

"काय बे सद्या, जित्ता हायेस का?"

"आहे की."

"मग ये. एकादशीला मी माळ घालतोय, नारायणगडावर. दशमीचा दिवस मावळला की माझ्यासाठी सगळं बंद. त्याच्या आत आलास तर आलास. न्हाई तर बाटली पाठवून देतो, एकटा पी."

मागल्या वर्षी त्याच्या बायकोचं, रुक्मिणीवहिनींचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून ह्याने देवाला शब्द दिला होता. "आता ती ठणठणीत हाय," तो म्हणाला. "सकाळपासून तीनदा माझ्यावर वरडली. म्हंजे देवानं त्याचं काम केलंय. आता माझी पाळी."

एकटा पी! हे त्याने अशा आवाजात सांगितलं, जसं कोणी "एकटाच लग्न कर" म्हणावं. मी दोन नाजूक काचेचे ग्लास लुंगीत गुंडाळले आणि निघालो.

चौसाळा, नवमी

गुहागर ते सोलापूर काय झालं ते सांगत नाही, कारण मी झोपलो होतो. हमरस्त्यावर चौसाळ्याला बस थांबली तेव्हा चहाला उतरलो. इथला चहा कपात उभा राहतो. चमचा सोडला तर तो बुडत नाही, विचार करत बसतो. दुसरा कप सांगितला, हॉटेलवाल्याला समुद्रातल्या वादळाची गोष्ट सांगायला घेतली, आणि वादळ रंगात आलं तेव्हा माझी बस बीडच्या दिशेने बारीक होत होती.

छातीशी पिशवी धरून मी धावलो. बासष्टीनंतरचा माणूस धावतो तेव्हा रस्ता त्याच्यावर हसतो. एका दगडाने पाय ओढला आणि पिशवीतून 'खळ्ळ' आवाज आला.

"कावून पळता मामा?" हॉटेलवाला मला उठवत म्हणाला. "येक गेली की दुसरी येती. काय फुटलं?"

"ग्लास."

"ग्लासासाठी कशाला रडता? पानी प्यायला इथं पंधरा हायेत!"

दोनातला एक वाचला होता. दुसऱ्या बसची वाट बघण्यापेक्षा कांद्याच्या पिकअपमध्ये पोत्यांवर बसून गेवराईपर्यंत गेलो. आमच्याकडे जमीन लाल, आणि दहा पावलं चाललं की झाडाआड माणूस हरवतो. इथे डोंगर उतरून गोदेच्या अंगाला आलो तशी काळी जमीन अशी पसरली, की उद्या येणारा पाहुणा आजच दिसावा. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं पांढरी पडायला आलेली, आणि प्रत्येक रानातून हुरड्याचा धूर. मी कांद्यावर बसून रडत होतो, पण ते सुखाने असंही म्हणता येईल.

उमापूर, नवमीची संध्याकाळ

भानुदासच्या गल्लीत निम्म्या दारांना कुलपं होती. दिवाळी झाली की कोयते घेऊन माणसं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी, शाळेतली पोरं आणि कुत्री राहतात. आमच्या कोकणात पाहुणा आला की शेजारी खिडकीतून बघतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं सांगतो. इथे उरलेली सगळी गल्ली ओट्यावर येऊन समोर बसली आणि मला विचारू लागली: पगार किती होता, पोरं किती, दात खरे का.

रुक्मिणीवहिनींनी भाकरी वाढली. ती एवढी मोठी होती, की ताटात ठेवली तेव्हा ताट दिसेनासं झालं. वर शेंगदाण्याचा ठेचा, वांग्याचं भरीत, आणि काळ्या मसाल्याची आमटी. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. तिसऱ्या घासाला मागच्या जन्मीची दोन नावं आठवली.

जेवण झालं तसा भानुदास उठला, हात पुसले आणि ज्वारीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. ढवळलं. पुन्हा ढवळलं. मग त्याने डोकंही आत घातलं.

"रुक्मिणे," कोठीतून आवाज आला, "हितली बाटली?"

"कंची? ती औषधाची?" वहिनी भांडी घासता घासता म्हणाल्या. "तिचं बूच खिळखिळं झालं हुतं. समद्या ज्वारीला वास. दवाखान्यावानी. मेंढराच्या खुरांना लावायचं औषध असतंय, तसाच. म्हसू आलता, त्याची मेंढरं लंगडत हुती. देऊन टाकली."

भानुदासचं डोकं कोठीतच राहिलं.

इथे वहिनींची बाजू घेणं भाग आहे. ज्यांनी ती चव घेतली नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्कॉटलंडच्या बेटांवरच्या काही व्हिस्कींना खरोखरच आयोडिनचा, डांबराचा, धुराचा वास येतो. मोठमोठे लोक त्या वासासाठी जमीन विकतात. पण ज्या गावात घरटी चार मेंढरं बघितलेली असतात, तिथे त्या वासाचा अर्थ एकच: खुरांचं औषध.

"म्हसूला फोन लाव," मी म्हणालो.

"त्याचा फोन आठ दिवसांनी चार्ज होतो," भानुदास कोठीतून बाहेर येत म्हणाला. केसांत ज्वारी, चेहरा उतरलेला. "सद्या, माळ घालताना मनात काही राहिलेलं नको रे. एवढीच येक गोष्ट राहिली हुती."

वहिनींनी एक ताट जरा जास्तच जोरात घासलं.

शिवारात, दशमी

म्हसू धनगर कुठे सापडेल हे त्या दिवशी कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं, आणि त्याला कारण आहे. रान मोकळं झालं की शेतकरी त्यात मेंढरं बसवून घेतो. रातभर लेंड्या पडल्या की पुढच्या पिकाला तेच खत, आणि धनगराला बदल्यात पायलीभर धान्य. त्यामुळे कळपाचा मुक्काम रोज वेगळ्या वावरात. माणसाचा पत्ता विचारायचा नसतो, लेंड्यांचा माग काढायचा असतो.

दिवस उगवायच्या बेताला आम्ही भानुदासच्या मोटरसायकलवर निघालो. सूर्य मावळायच्या आत बाटली सापडायला हवी होती, आणि बाटलीच्या आत काहीतरी असायला हवं होतं. वाटेतल्या एका खड्ड्यात आम्ही उतरलो तेव्हा मला वर आभाळाचा फक्त एक गोल दिसला. मी नांगर टाकायचं म्हणत होतो.

पहिल्या सात-आठ वावरांत लेंड्या वाळलेल्या. दुपार टळल्यावर एकात ओलसर, पण मेंढरू नाही. तिथे ज्वारीच्या मधोमध माळ्यावर एक म्हातारी गोफण घेऊन पाखरं राखत होती.

"आजी, म्हसूची मेंढरं बघितली का?"

"कावून रं? येवढं तोंड कशानं वाळलंय?"

आता उद्या माळ घालणारा माणूस आज बाटली शोधत हिंडतोय, असं तिला सांगता येईना. भानुदास चाचरला, "त्याच्याकडं... औषध राहिलंय आमचं."

"अगं बया! कोण पडलंय?"

मला राहवेना. तोंड उघडलं की वाढवणं हा माझा आजार. "फार जुनं औषध आहे आजी," मी म्हणालो. "परदेशातलं. एका थेंबाने मेलेला उठतो."

म्हातारीने डोळे बारीक करून मला न्याहाळलं, माळ्यावरून खाली उतरली, कोवळी कणसं मोडून आमच्या पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "बंधाऱ्याच्या पल्याड बघा. अन् रोग्याला हुरडा द्या, ताकद येती."

बंधाऱ्यापर्यंत दीड मैल. मोटरसायकल त्या म्हातारीच्या बातमीपेक्षा हळू धावत होती, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. वस्तीवर पाच-सहा माणसं आमची वाट बघत उभी होती. एकाने शेळी धरलेली.

"परदेशातलं मेंढरांचं डॉक्टर ते तुमीच न्हवं? हिला बघा बरं. दोन दिस चघळत न्हाई."

भानुदास माझ्या कानात म्हणाला, "बघ आता. वाढीव सांग आनखी." आयुष्यभर मी लोकांना गंडवत आलो, पण बीड जिल्ह्याच्या वाऱ्याने मला एका तासात डॉक्टर केलं. मी शेळीचं पोट दाबलं, कानात बघितलं, आणि तिच्या तोंडातून प्लास्टिकच्या पिशवीचं टोक बाहेर आलेलं दिसलं ते धरून ओढलं. पिशवी निघाली. शेळी शिंकली आणि चघळू लागली. असा काही गजर झाला, की दोन कोंबड्या मला भेट मिळता मिळता राहिल्या. पण काम झालं. त्यातल्याच एकाने सांगितलं, म्हसू आज ओढ्याकाठच्या तुरीच्या रिकाम्या रानात आहे.

तिथे पोचलो तेव्हा सूर्य बाभळीच्या दोन हात वर होता.

दोनशे मेंढरं, एक घोडा, दोन कुत्री, आणि घोंगडी पांघरून बसलेला म्हसू. वय साठ की ऐंशी सांगता येणार नाही, मिशा पाव किलो. आम्हाला बघून तो दचकला नाही, उठला नाही. कुत्र्यांना गप्प केलं आणि म्हणाला, "उशीर केला मालक."

"म्हसू," भानुदासचा आवाज फाटला, "ती बाटली! खुरांना लावली का बे?"

म्हसूने घोड्यावरच्या ओझ्यातून घोंगडीची एक गुंडाळी काढली. उलगडली. आत बाटली उभीच्या उभी बांधलेली होती. तिच्या तळाशी मावळतीचं ऊन अडकल्यासारखं दिसलं. तीन बोटं उरली होती.

"बुचातून कोठीत लई गळाली असंल," म्हसू म्हणाला. "अन् येक पळी म्या घेतली. परवाच्या थंडीत कोकरू झालं, पार लाकूड. ह्यो वास घेतला तव्हाच वळखलं, खुरांचं न्हाई. येक पळी पाजली. बघा तिकडं."

तिकडे एक काळं कोकरू आईला सोडून कुत्र्याच्या अंगावर चाल करून जात होतं. कुत्रं मागे सरकत होतं. या वाक्यातलं काहीही वाढवलेलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र वेगळंच आलं. पिंपात व्हिस्की वर्षानुवर्षं पडून असते तेव्हा तिचा काही भाग हवेत उडून जातो. तिकडचे लोक म्हणतात, तो देवदूतांचा वाटा. आमच्या कोकणातही बाटली उघडली की पहिली धार राखणदाराला, जो घराची, आगराची राखण करतो त्याला. मी भानुदासला म्हटलं, "वाटा गेला तो बरोबर जागी गेला. आणि राखणदार हा समोर बसलाय. तीन बोटं, तीन माणसं."

"चीफ दोघं म्हनलता."

"चीफने म्हसूला बघितलं नव्हतं."

सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकला. आता घाई, पण असल्या गोष्टीत घाई चालत नाही. बूच बोटात भुगा झालं, म्हणून म्हसूच्या दूध गाळायच्या फडक्यातून गाळून घेतली. माझा एकुलता एक ग्लास भानुदासला. मला आणि म्हसूला जर्मनच्या वाट्या, चेपलेल्या. म्हसूने गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसली. मी ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी बोटाच्या टोकावर घेतलं आणि प्रत्येकात दोन थेंब टाकले. दोनच. जुन्या माल्टला पाणी घालायचं ते तिला बोलतं करण्यासाठी, बुडवण्यासाठी नाही.

आणि वास उठला.

आधी धूर. मग धुरामागून मध, मनुका, ओल्या दोरखंडाचा वास, आणि अगदी शेवटी मीठ. मी डोळे मिटले आणि काळ्या मातीत बसल्या जागी माझ्या पायाखाली डेक हललं. घोट घेतला तो जिभेवर बसला, मग मागे सरकला, मग छातीत एकेक दिवा लावत खाली गेला. बाटलीत गेल्यावर व्हिस्कीचं वय वाढत नाही. ती जिथे होती तिथेच थांबलेली. आम्हीच तेवढे पुढे आलो होतो, गुडघे आणि चष्मे घेऊन.

मी तज्ज्ञासारखा घसा साफ केला. जगातल्या अकरा बंदरांत मी या विषयावर भाषणं दिली आहेत. "बघ म्हसू, ही जी चव आहे..."

म्हसूने हाताने मला थांबवलं. वाटीला नाक लावलं, घोट घेतला, मिशा पुसल्या.

"लाकूड न्हाई त्या मुलखात," तो म्हणाला. "मातीच जाळत्यात."

त्याचं बरोबर होतं. ही व्हिस्की पीटच्या धुराची. पीट म्हणजे तिकडच्या दलदलीतली कुजकी मातीच. ती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर सातू सुकवतात.

"पाऊस लई. समुंदर जवळ असंल, खारट हाय. अन् मेंढरं हायेत."

"मेंढरं कशावरून?"

"वल्लं घोंगडं कळत न्हाई व्हय मला?" म्हसू म्हणाला. तो आयुष्यात गोदेपलीकडे गेलेला नाही. अकरा बंदरांतली माझी सगळी भाषणं मी तिथेच ओढ्यात सोडून दिली.

भानुदासने अजून ग्लास ओठाला लावला नव्हता. तो नुसता धरून बसला होता. मग हुरड्याचे दोन दाणे तोंडात टाकले, घोट घेतला आणि पुष्कळ वेळ गिळलाच नाही.

"म्हाताऱ्याला ठेचा लई आवडायचा," शेवटी तो म्हणाला. चीफबद्दल. "रडायचा, पर सोडायचा न्हाई." आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्याही डोळ्यांतून पाणी. आम्ही तिघं हसत होतो, कोकरू ओरडत होतं, आणि सूर्य गेला. भानुदासने रिकामा ग्लास पालथा करून मातीवर ठेवला.

"झालं बे सद्या," तो म्हणाला. "आता काही राहिलं न्हाई."

नारायणगड, एकादशी

सकाळी गडावर गर्दी. पेढ्यांचा, बुक्क्याचा, ओल्या शेंगांचा वास. भानुदास आंघोळ करून, पांढरा सदरा घालून रांगेत उभा. गळ्यात तुळशीची माळ पडली तेव्हा त्याने मान इतकी खाली घातली, की मला वाटलं आता उचलणारच नाही. उचलली तेव्हा तोंडावर तसलं हसू होतं, जे बंदरात पोचल्यावर खलाशाच्या तोंडावर असतं.

फराळाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन मी वहिनींशेजारी पायरीवर बसलो. आमटी इतकी चांगली होती, की उपास सोडू नये असं वाटलं. मनात मात्र एक गोष्ट टोचत होती. बाटली उभी बांधलेली. घोंगडीत गुंडाळलेली. "उशीर केला मालक."

"वहिनी," मी म्हटलं, "खरंच तुम्हाला ते खुरांचं औषध वाटलं?"

त्यांनी आमटीत भगर कालवली. "भावजी, पंचवीस वर्सं त्यो मानूस सुट्टीला घरी यायचा तव्हा त्योच वास घिऊन यायचा. म्या वळखनार न्हाई व्हय?"

माझा घास हातातच राहिला. "मग म्हसूला कशाला दिली?"

"राखून ठेव म्हनलं हुतं त्याला. ह्ये शोधत ईपर्यंत हात लावू नगं." त्यांनी भगरीचा घास घेतला. "कोकरासाठी घेतली म्हनं पळीभर. घेऊ दे. जगलं नव्हं?"

"पण घरातच राहू दिली असती तर? आम्ही दिवसभर उन्हातान्हात पळालो!"

"घरात बसून प्याली असती, तर सकाळी माळ घातली असती अन् सांच्याला ती चव आठवून पुन्हा दारूमागं पळाला असता," वहिनी म्हणाल्या. "म्हनलं, आदी पळून घेऊ दे. मंग माळ."

मी समोर बघितलं. भानुदास गडाच्या पायऱ्या उतरत होता. हात मोकळे, मान सरळ, एकेक पायरी मोजल्यासारखी. त्याला कुठेही जायची घाई नव्हती.